म कुणी म्हणायचा

पितळी हंडा रिकामा असला तरी जड असतो.

०

ज्याचं नाव ळ पासून सुरू होतं, असा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

०

कचेरीतल्या कॅलेंडरवर मारुती उडत होता. एका हातात डोंगर, दुसऱ्या हातात गदा आणि पायाखाली खताच्या दुकानाचा फोन नंबर.

०

“माझा नवरा परत कर,” जनाबाई म्हणाली.
“मी कवा नेला गो?” सकुबाई म्हणाली.
दोघी एकाच पाटीवर गिरवत होत्या.

०

धोंडूबाई सिद्धगडाला ‘ते उंच’ म्हणते.

०

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली.

०

आता नीट सांगतो.

शहापुरात मी एकतीस वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवला. तालुक्यातले निम्मे कारकून माझ्या हाताखालून गेले आणि उरलेल्या निम्म्यांनी माझ्या विद्यार्थ्यांकडून पाहून पाहून शिकून घेतलं. मग संगणक आले. मशीनं भंगारात गेली, मी घरी आलो. अक्षरांच्या बाबतीत माझा एक दरारा होता तो मात्र मी कुणाला दिला नाही. घरीच ठेवला. रोज सकाळी गॅलरीत बसून दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मोजायचा माझा नेम होता.

आमच्या खालच्या मजल्यावर पंढरीभाऊ राहतात. त्यांना सगळ्यातलं कळतं. एका सकाळी पेपरात बातमी होती की वाडीवस्तीवरच्या निरक्षर मोठ्या माणसांना शिकवायला स्वयंसेवक हवेत. पंढरीभाऊ जिन्यातून म्हणाले, “तुमच्यासारख्यांचं काम नाही ते. तुम्हाला बोटं शिकवायची सवय, डोकं नाही.”

माणसाच्या आयुष्यात बहुतेक मोठी कामं अशा जिन्यांतूनच सुरू होत असावीत. मी म्हणालो, “चाळीस दिवसांत कुणालाही अक्षरं शिकवून दाखवतो. माझी स्वतःची पद्धत आहे.”

ही पद्धत काय, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ती पंढरीभाऊंनीच संध्याकाळी आणून दिली. “तक्त्यातला अननस काढून टाका,” ते म्हणाले. “तिकडच्या बायांनी अननस कधी पाहिलाय? घरातल्या माणसांच्या नावांवरून शिकवा. माणूस सगळं विसरेल, पण आपल्या माणसाचं अक्षर विसरणार नाही.”

सल्ला इतका चांगला होता की मला रागच आला. पुढचे पंधरा दिवस मी तो माझा म्हणून सांगत होतो. नंतर जे झालं, त्याचं श्रेय मी त्यांना पूर्ण परत केलं.

०

मला मिळालेली वाडी म्हणजे पळसमाळ. शहापूरहून स्कूटरनं किन्हवली, सरळगाव, धसई आणि मग रस्ता संपला असं वाटल्यावर आणखी पाऊण तास. शेवटचा चढ स्कूटरला हातानं धरून न्यायचा. चढ संपला की समाजमंदिर, समोर सिद्धगड आणि शेजारी सकुबाईचं घर. वर्ग दुपारी तीनला. अकरा बाया आल्या. धोंडूबाई सर्वांत मोठी, सत्तरीपुढची. सकुबाई साठीची. जनाबाई तिची धाकटी जाऊ, दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलत असे, दिवाळीनंतर नाही. का, ते पुढे येईल.

मी फळ्यावर ठसठशीत म काढला. गाठ अशी की छापखान्यानं मागून न्यावी.

“हा म. सकुबाई, तुमच्या मालकांचं नाव काय?”

सकुबाईनं पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“तेंचं नाव ती नाय घेत, सर,” जनाबाई म्हणाली.

“बरं. मग तुम्ही सांगा, यांच्या नवऱ्याचं नाव काय?”

“ते माझे जेठ. जेठाचं नाव सपनात पन नाय घेत.”

“असू दे. तुमच्या नवऱ्याचं सांगा.”

जनाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. “आमाला वाटलावता सर चांगल्या घरचे हायेत,” ती म्हणाली.

नाव नको, नुसतं अक्षर म्हणा, असं मी सुचवलं. तर नावाचं पहिलं अक्षरही सुटं उच्चारलेलं चालत नाही असं कळलं. अक्षर म्हणजे नावाचं दार. दार वाजवलं की माणूस बाहेर येणारच. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, जेठाचं नाही, आजेसासऱ्याचंही नाही. धोंडूबाईचे यजमान वारून वीस वर्षं झाली होती. त्यांचं नाव डोंगऱ्या. म्हणून ही बाई लग्न झाल्यापासून सिद्धगडाच्या पायथ्याशी राहून डोंगर हा शब्द उच्चारलेली नाही.

“पण आता ते नाहीत,” मी म्हणालो.

“ते नाय, पन नाव हाय ना,” धोंडूबाई म्हणाली. “ते कुटं मेलंय?”

मी टायपिंग क्लासातली वही काढली आणि हजेरीऐवजी बंदीपत्रक तयार केलं. उभ्या रकान्यात छत्तीस व्यंजनं, आडव्या रकान्यात अकरा बाया. नावं ज्यांना चालत होती त्यांनी सांगितली. ग गेला, कारण सकुबाई-जनाबाईचा सासरा गोमा. ह गेला, प गेला, ड गेला. ज्ञ तरी वाचेल असं वाटलं होतं, पण मैना नावाच्या बाईचा जेठ ज्ञानेश्वर निघाला. पत्रक भरल्यावर सगळ्यांना मिळून म्हणता येतील अशी अक्षरं उरली ती ङ, ञ, ण, ळ आणि पोटफोड्या ष. त्यातले पहिले दोन मलाही म्हणता येत नाहीत.

पहिला आठवडा आम्ही ण आणि ळ म्हणत होतो. फार जोमात. खालच्या पाड्यावरच्या लोकांना वाटलं, वर कुणाच्या तरी अंगात वारं आलंय.

०

“हसताय काय,” माझी बायको नम्रता म्हणाली. मी बंदीपत्रक तिला वाचून दाखवत होतो. “मी तुम्हाला काय म्हणते?”

मी विचार केला. “अहो.”

“आणि बाहेर?”

“आमचे हे.”

“मग पोळी खा,” ती म्हणाली.

पंढरीभाऊंचं मत असं पडलं की पद्धत बरोबर आहे, शिक्षक चुकला.

०

वर्गानंतर सकुबाई मला पाणी द्यायची. तिच्या पडवीत लग्नातला पितळी हंडा होता. त्यातलं पाणी इतकं गार की मी दोन तांबे प्यायचो आणि पिताना अक्षरांविषयी बोलायचो. ती ऐकायची. दहाव्या दिवशी ती बोलली.

सकुबाई आणि तिचा नवरा वीस वर्षांपासून डोंगरउतारावर दीड एकरात नाचणी आणि वरई करतात. त्या तुकड्याचा वनपट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद, नवराबायकोच्या नावानं व्हायचा होता. त्यासाठी दिवाळीच्या आधी ती जबाब द्यायला कचेरीत गेली. (कचेरीचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडेही काही नावं घेत नाहीत.) टेबलावरच्या भाऊसाहेबांनी विचारलं, नवऱ्याचं नाव. पुन्हा विचारलं. मागे रांग वाढली. तेव्हा तिनं पदर सावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. देवाचं नाव तेच नवऱ्याचं नाव, एवढं कुणालाही कळेल.

भाऊसाहेबांना कळलं. त्यांनी लिहिलं, हनुमान.

सकुबाईच्या नवऱ्याचं नाव मारुती.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासरे गोमा यांना थोरला झाला तेव्हा त्यांनी देवाला स्मरून त्याचं नाव मारुती ठेवलं होतं आणि धाकटा झाला तेव्हा दुसरा देव सुचला नाही, म्हणून त्याचं नाव हनुमान ठेवलं होतं. हा हनुमान म्हणजे जनाबाईचा नवरा. त्यामुळे सरकारी कागदावर सकुबाईचा नवरा जनाबाईचा नवरा झाला. आणि एका माणसाला दोन पट्टे मिळत नाहीत, म्हणून हनुमानाचा स्वतःचा दावाही अडकला.

दोघे भाऊ कचेरीत जाऊन आले होते.

“मी मारुती. मी हिचा नवरा.”

“कागदावर हिचा नवरा हनुमान आहे.”

“तो मी,” हनुमान म्हणाला. “पन मी हिचा नवरा नाय.”

“मग कागदावर कसे आलात?”

सकुबाईचं आधार कार्ड माहेरचं, त्यावर बापाचं नाव. भाऊसाहेबांनी शेवटी नियम सांगितला. जिनं जबाब दिला तिनंच येऊन स्वतः दुरुस्त करायचा. फाल्गुनात शेवटची तारीख आहे. नाहीतर दावा निकाली, दीड एकर विसरा.

“मी सांगलं तेना,” सकुबाई म्हणाली, “हनुमान माझा दीर. धाकल्या दिराचं नाव घेता येतं. ते बोलले, मग नवरा कोन? आता कसं सांगू?”

“आणि जनाबाई?”

“ती तर दोनी नावं नाय घेत. तिला भांडाया पन येत नाय धड. नुसती बोलते, माझा नवरा परत कर.”

मी तांब्या खाली ठेवला. पंढरीभाऊंना दाखवण्यासाठी सुरू केलेलं काम आता दीड एकराचं झालं होतं. त्यात मी पुन्हा तेच वाक्य बोललो, जे बोलायचं नव्हतं. “चाळीस दिवसांत तुम्हाला ते नाव लिहायला शिकवतो.”

०

वर्गाची अडचण बायांनीच सोडवली. मला न विचारता. एके दिवशी गेलो तर मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं ‘महिना’ तसंच होतं, मैना म्हणाली “म”, सकुबाई म्हणाली “हि”, जनाबाई म्हणाली “ना”. जिला जे अक्षर चालत नाही ते शेजारणीनं म्हणायचं. भात झोडताना जसा हात फिरतो, तसं अक्षर फिरायला लागलं. एका बाईला एकही ओळ वाचता यायची नाही, पण अकराजणी बसल्या की वर्तमानपत्र वाचायच्या, आणि इतक्या वेगानं की माझं ‘थांबा, थांबा’ मध्येच एखादं अक्षर म्हणून वाचलं जायचं.

तपासणीला वरून एक मॅडम आल्या. त्यांनी सकुबाईला पुस्तक दिलं. “वाचा, आजी.”

सकुबाईनं पुस्तक हातात धरलं आणि तिच्या उजवीकडून मैना वाचू लागली.

“तुम्ही नाही. या वाचतील.”

“ती वाचते ना,” जनाबाई म्हणाली. “तिची आवाज द्यायची पाळी नाय.”

मॅडमनी पाऊण तास बसून पाहिलं आणि शेरा लिहिला: वर्गात एकी उत्तम. प्रत्येकीला काही अक्षरे येत नाहीत, मात्र ती कोणती हे प्रत्येकीला अचूक माहीत आहे.

हा शेरा मी गॅलरीत तीन वेळा वाचला. तो चांगला की वाईट हे अजून ठरलेलं नाही.

०

लिहिण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. सकुबाई पाटीवर सगळं काढायची, पण म आला की बोटभर जागा कोरी सोडायची. माझे चाळीस दिवस कधीच उलटले होते आणि तारीख महिन्यावर आली होती.

“सर, लिवलं तं ते बोलल्यात धरतील काय?” तिनं विचारलं.

टायपिंगच्या एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खडू खाली ठेवून विचार करतोय असं दाखवलं. तोवर बायांची बैठक बसलीसुद्धा. जनाबाईचं म्हणणं, लिहिणं म्हणजे हळू बोलणंच. मैनाचं म्हणणं, हळूसुद्धा नाही, मुकं. शेवटी सगळ्यांनी धोंडूबाईकडे पाहिलं. धोंडूबाईनं पाटी उचलली, कानाला लावली, हलवली आणि पुन्हा कानाला लावली.

“नाय बोलत,” ती म्हणाली. “पाटीला कुटं तोंड हाय? जो वाचील त्याच्या तोंडात आवाज. पाप लागलं तं त्याला लागंल.”

सगळ्यांना फार बरं वाटलं. वाचणारा मीच होतो, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तरीही अख्खं नाव वर्गात लिहायला सकुबाई तयार नव्हती. जनाबाई शेजारी बसते, तिच्या नजरेला जेठाचं नाव पडेल. म्हणून मी ते सुटं सुटं शिकवलं, बंदुकीचे भाग वेगवेगळ्या पिशव्यांतून न्यावेत तसं. सोमवारी म. मंगळवारी काना, तोही दुसऱ्याच अक्षराला लावून. रु ला तीन दिवस गेले, कारण सगळ्या अक्षरांचा उकार पायाशी आणि र चा मात्र काखेत, हे सकुबाईला पटेना. “ह्याचंच काय येगळं?” ती म्हणायची. मग ती. नाव कधी जोडलं नाही. तिला जोडता येतं का, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

एक मात्र दिसत होतं. सकुबाई हल्ली वर्गानंतर हंडा फार वेळ घासत बसायची. राख घेऊन, एकाच जागी, एका बोटानं.

“भोक पडंल गो,” जनाबाई जाता जाता म्हणाली. दिवाळीनंतर ती सकुबाईशी भांडणाबाहेरचं पहिल्यांदाच बोलली. मी तेव्हा दुसरा तांब्या पीत जोडाक्षरांविषयी बोलत होतो.

०

तारखेच्या दिवशी माझी स्कूटर सरळगावात पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा अकराजणी धसईच्या गाडीनं येऊन रांगेत पुढे पोचल्याही होत्या. एकीचं काम, पण अकराजणी. एकीला सोडून दुसरीला कसं यायचं, वाचायला कमी पडलं तर?

तेच टेबल, तेच भाऊसाहेब, नवं कॅलेंडर. या वर्षी गणपती.

“हं, नवऱ्याचं नाव सांगा.”

“लिवते,” सकुबाई म्हणाली.

“लिहायचं नाही. जबाब तोंडी असतो. लेखी अर्ज असेल तर खिडकी वेगळी, आणि त्या खिडकीची मुदत संपली.”

मी पुढे झालो. एकतीस वर्षांचा अनुभव, अक्षरशास्त्र, सरकारी योजना, असं बरंच काही बोललो. भाऊसाहेब म्हणाले, “आपण कोण? नातेवाईक? नाही? मग बाकावर बसा.”

मी बाकावर बसलो. माझ्या एका विद्यार्थ्याचा विद्यार्थी असणार तो. अक्षरावरून ओळखू येत होतं.

“उखाण्यात घ्या मग,” भाऊसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

“उखाना घ्याला समोर सवाष्णी लागतात, हळदकुंकू लागतं,” जनाबाई म्हणाली. “हितं समोर समदे बाप्ये. आनि ताट कुटंय?”

मागून रांग म्हणाली, आटपा. तेव्हा धोंडूबाई टेबलाला धरून उभी राहिली.

“भाऊ, तुजी बायको तुजं नाव घेते काय?”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर पाहिलं. “मोबाईलमध्ये माझा नंबर तिनं ‘अहो’ म्हणून ठेवलाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “लिहा. मी वाचून दाखवतो, तुम्ही मान हलवा. मान तोंडालाच लागून असते. तोंडी धरू.”

सकुबाईनं पेन उभं धरलं, आणि कागदावर टोचलं. उचललं, पुन्हा टोचलं. टक, टक, टक. मी बाकावरून उठलो. मी रेघा शिकवल्या होत्या. वळणं, गाठी, दांडे. टिंबं मी कधीच शिकवली नव्हती. मी पुन्हा बसलो.

“हे काय, रांगोळी?” भाऊसाहेब म्हणाले.

सकुबाईनं मान वर केली नाही. टक, टक, टक. कोंबडी दाणे टिपते तशी ती टिंबं देत गेली. बाकी दहाजणींच्या माना कागदावर झुकल्या आणि अर्धं कळताच ज्या त्या मानेनं तोंड फिरवलं. एक ओळ संपली. तिनं थोडी जागा सोडली आणि आणखी एक शब्द टोचला. हा दुसरा शब्द मी शिकवलाच नव्हता. त्यातला गो तर बंदीपत्रकावर तांबड्या शाईत होता.

भाऊसाहेबांनी कागद उजेडाला धरला. टिंबं जोडली.

“मारुती गोमा,” त्यांनी मोठ्यानं वाचलं.

अकरा पदर एकदम पुढे आले. सकुबाईनं मान हलवली. एकदा नाही, तीनदा. मग जराशी हसली आणि म्हणाली, “तुमी बोललाव. मी नाय.”

भाऊसाहेबांनी जुन्या कागदावरच्या हनुमानावर आडवी रेघ मारली, शिक्का मारला. जनाबाईनं वाकून ती रेघ नीट पाहिली.

“आला माझा परत,” ती म्हणाली, आणि तिनं सकुबाईच्या पाठीत असा एक धपका घातला की दिवाळीपासूनचं सगळं त्यात आलं. “तुजाच तुला लखलाभ गो बाय.”

रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

निघताना भाऊसाहेबांनी मला बाकावरून बोलावलं. “हे तुम्ही शिकवलंत? ही टिंबांची कुठली पद्धत?”

“माझी स्वतःची,” मी म्हणालो.

तपासणीच्या मॅडमनी आता ठिपका पद्धतीवर दोन पानी टिपण मागवलंय. पंढरीभाऊ म्हणतात, मूळ कल्पना त्यांची. मी एक पान लिहून ठेवलंय, त्यात सुरुवात आणि शेवट आहे, मधलं नाही. नम्रतानं ते वाचलं आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. विचारलं तर म्हणाली, “लिहिलं फक्त. वाचू नका.”

०

सकुबाईच्या पडवीतल्या ज्या हंड्यातलं पाणी मी कार्तिकापासून पीत होतो, त्याच्या गळ्याखाली भांडीवाल्यानं तिच्या लग्नाच्या वेळी टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आहे: मारुती गोमा.